जेट ली खरा लढवय्या होता का? वुशूच्या गालिच्यावरून पडद्यापर्यंतचा प्रवास

प्रश्न थोडक्यात असा आहे: जेट ली हा खराखुरा मार्शल आर्टिस्ट होता की पडद्यापुरता घडवलेला नट, त्याने प्रत्यक्षात कधी कुणाशी लढत दिली होती का, आणि त्याचे चित्रपट पाहून वुशू, म्हणजे चिनी मार्शल आर्ट्सचा खेळ, शिकण्याचा हट्ट धरलेल्या दहा वर्षांच्या मुलाला नेमके कशात घालावे. मी बरीच वर्षे वुशूमधील ताओलू हा प्रकार शिकवत आलो आहे आणि हा प्रश्न पालकांकडून वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिल्या भागाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. तो अव्वल दर्जाचा खेळाडू होता. चीनच्या राष्ट्रीय वुशू स्पर्धेत सत्तरच्या दशकात त्याने पाच वेळा सर्वंकष विजेतेपद मिळवले, आणि तेही वयाची विशी गाठण्यापूर्वी. मात्र ज्या खेळात तो विजेता होता, त्या खेळात प्रतिस्पर्ध्याला ठोसा मारायचाच नसतो, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय त्याची कारकीर्द नीट समजत नाही.

वुशूच्या स्पर्धांचे दोन मुख्य भाग आहेत. सांदा म्हणजे हातमोजे आणि संरक्षक साहित्य घालून समोरासमोर खेळली जाणारी लढत. तिच्यात ठोसे, लाथा आणि पाडाव असतात. ताओलू म्हणजे ठरलेल्या हालचालींचे सादरीकरण. चौदा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद अशा गालिच्यावर खेळाडू बहुतेक वेळा एकटाच उतरतो, चांगक्वान या प्रकारात किमान १ मिनिट २० सेकंद सादरीकरण करतो आणि पंच त्याला गुण देतात. आपल्याकडे मल्लखांबपटू पंचांसमोर संच सादर करतो, त्याच जातीची ही स्पर्धा आहे. आजच्या नियमांनुसार दहापैकी पाच गुण हालचालींच्या अचूकतेला, तीन एकूण सादरीकरणाला आणि दोन अवघड उड्या व तोल यांना असतात. जेट लीच्या काळात गुणांची ही विभागणी नव्हती, पण निकष साधारण हेच होते. सांदाचे तर चीनमध्ये प्रायोगिक सामनेच १९७९ च्या सुमारास सुरू झाले, म्हणजे त्याची स्पर्धेतील वर्षे संपत आली तेव्हा. त्यामुळे ‘तो सांदा का खेळला नाही’ असे विचारण्यात अर्थ नाही. त्याच्या ऐन उमेदीत तशी स्पर्धाच नव्हती. रिंगणातील लढतींची कसलीही नोंद त्याच्या नावावर नाही आणि त्याने तसा दावाही केलेला नाही.

त्याचे मूळ नाव ली लियानजिए. जन्म २६ एप्रिल १९६३, बीजिंग. पाच भावंडांत तो धाकटा. तो दोन वर्षांचा असताना वडील वारले आणि घर ओढगस्तीला लागले. आठव्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळेतील मुलांना सरकारी क्रीडा प्रशाळांत पाठवण्याच्या पद्धतीप्रमाणे त्यालाही पाठवण्यात आले आणि त्याच्या वाट्याला वुशू आले. खेळ त्याने निवडला नव्हता. सुट्टी संपल्यावर बहुतेक मुलांना घरी पाठवण्यात आले आणि ज्या थोड्यांना पुन्हा बोलावले, त्यांत तो होता. शिचाहाय येथील या प्रशाळेत वू बिन हे प्रशिक्षक त्याला लाभले. पुढे बीजिंग वुशू संघाचा जो दबदबा निर्माण झाला, तो मुख्यतः त्यांच्यामुळे. मुलगा चपळ आहे, चटकन शिकतो, पण ठोशात जोर नाही, हे त्यांनी ओळखले. त्याच्या घरी मांसाहार परवडत नाही हेही त्यांना कळले, आणि त्यांनी स्वतः त्या घरी मांस पोहोचवले. प्रशिक्षक म्हणून मला ही गोष्ट पदकांच्या यादीपेक्षा मोलाची वाटते, कारण मुलाच्या हातात जोर का येत नाही याचे उत्तर पुष्कळदा मैदानावर नसून त्याच्या ताटात असते.

तो काळ सांस्कृतिक क्रांतीचा होता. जुने उस्ताद आणि त्यांच्या घराण्यांच्या परंपरा संशयाच्या भोवऱ्यात सापडल्या होत्या, पण क्रीडाप्रकार म्हणून बांधलेले, प्रेक्षणीय वुशू सरकारला चालत होते. परदेशी पाहुण्यांपुढे आणि परदेश दौऱ्यांवर दाखवण्यासाठी तर ते हवेच होते. १९७४ मध्ये अकरा वर्षांचा ली संघाबरोबर अमेरिकेला गेला आणि व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासमोर त्याने प्रात्यक्षिक केले. मोठा झाल्यावर माझा अंगरक्षक होशील का, असे निक्सन यांनी गमतीने विचारले, तेव्हा मला एका माणसाचे नव्हे तर माझ्या देशातल्या कोट्यवधी माणसांचे रक्षण करायचे आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. हा किस्सा त्याने स्वतः अनेकदा सांगितला आहे. त्यात बालसुलभ धिटाई किती आणि त्या काळच्या पढवलेल्या भाषेचा वाटा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढच्याच वर्षी, बाराव्या वर्षी, चीनच्या तिसऱ्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मोठ्या खेळाडूंना मागे टाकून त्याने सुवर्णपदक मिळवले.

ताओलूने त्याला नेमके काय दिले, हे एका हालचालीवरून सांगतो. पूबू नावाचा एक मूलभूत पवित्रा आहे. त्यात एका पायावर पूर्ण बसायचे आणि दुसरा पाय जमिनीलगत बाजूला सरळ पसरायचा. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, पाठ ताठ. त्या स्थितीतून हाताची बोटे पसरलेल्या पायावरून पुढे सरकवत शरीर खालूनच पुढे न्यायचे आणि गोंगबू या, पुढचा गुडघा वाकवलेल्या पवित्र्यात उठायचे असते. शिकाऊ मुले अर्ध्या वाटेत हळूच कंबर वर उचलतात, कारण मांड्या पेटतात. निष्णात खेळाडूची कंबर शेवटच्या क्षणापर्यंत खालीच राहते, मग शरीर एकदम वर येते आणि जागच्या जागी थांबते. त्या थांबण्यात डोके झटक्यात वळते, नजर बोटांच्या टोकापलीकडे जाते, बाही हेलकावत राहते आणि देह मात्र हलत नाही. त्याच्या लहानपणीच्या प्रात्यक्षिकांची जी चित्रफीत आज पाहायला मिळते, तीत हेच दिसते. लोक त्याच्या वेगाचे कौतुक करतात. वेगवान मुले प्रत्येक संघात चार-पाच असतात. इतक्या वेगातून असे लख्ख थांबता येणारा क्वचितच सापडतो, आणि माझ्या मते त्याच्या पुढच्या चित्रपटांचे सारे भांडवल हे थांबणेच होते. प्रेक्षकाच्या डोळ्याला हालचाल वाचता यावी यासाठी कॅमेऱ्याला असा विराम लागतोच.

‘शाओलिन टेंपल’ हा त्याचा पहिला चित्रपट १९८२ मध्ये आला. हाँगकाँगच्या निर्मात्यांनी चीनच्या मुख्य भूमीवर जाऊन तो काढला आणि त्यात नटांना वुशू शिकवण्याऐवजी वुशूच्या खेळाडूंनाच नट केले. यू हाय, यू चंगहुई, हू जियानच्यांग ही त्यातली माणसे त्या क्षेत्रातली नावाजलेली होती. त्यामुळे त्यात तुकडे जोडून लढाई उभी करण्याची फारशी गरज पडली नाही. कॅमेरा दूर ठेवून लांबलचक हालचाली सलग दाखवता आल्या. कथा साधी आहे आणि अभिनय त्याहून साधा. तरीही चीनमध्ये त्या चित्रपटाने असे वेड लावले की मुले घर सोडून हेनान प्रांतातील त्या मठाकडे निघाली, आणि आज मठाच्या परिसरात प्रशिक्षण शाळांचे जे जाळे आहे त्याची सुरुवात बव्हंशी तिथून झाली. नायकाला मिळाला रोजचा एक युआन, असे त्याने नंतर सांगितले आहे. परदेशात प्रसिद्धी करताना त्याचे नाव उच्चारायला अवघड जाते म्हणून ‘जेट’ हे नाव चिकटले, तेही याच सुमारास.

याच काळात गुडघ्याच्या दुखापतीने त्याची स्पर्धात्मक कारकीर्द संपवली. पुढची काही वर्षे यथातथाच गेली. शाओलिनच्या नावाचे आणखी दोन चित्रपट झाले, १९८६ मध्ये त्याने स्वतः एक चित्रपट दिग्दर्शित केला तो फारसा चालला नाही, अमेरिकेत जाऊन राहण्याचाही प्रयत्न झाला.

कलाटणी मिळाली ती १९९१ मध्ये. दिग्दर्शक त्सुई हार्क यांनी ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ या चित्रपटात त्याला वाँग फेइ-हुंग ही भूमिका दिली. वाँग हे एकोणिसाव्या शतकात होऊन गेलेले कँटन परिसरातील वैद्य आणि कुंग फूचे उस्ताद. ही व्यक्तिरेखा आधी अनेक चित्रपटांत येऊन गेली होती आणि मुख्यतः प्रौढ, गंभीर गुरूच्या रूपात लोकांना पाठ होती. अठ्ठावीस वर्षांच्या लीने तिच्यात संयम ठेवला आणि तारुण्य आणले. लांब झगा, ताठ पाठ, पुढे केलेला एक तळहात आणि मागे घेतलेला दुसरा हात, ही त्याची उभे राहण्याची ढब म्हणजे सरळसरळ ताओलूचा शेवटचा पवित्रा आहे.

या चित्रपटाच्या अखेरची, गोदामातील शिड्यांवरची लढाई जगभर वाखाणली गेली. त्या चित्रीकरणात लीच्या पायाला दुखापत झालेली होती आणि तिच्यातील बराच भाग बदली कलाकारांनी केला. त्यांत श्युंग शिनशिन हा खेळाडू प्रमुख होता, जो पुढे मालिकेच्या तिसऱ्या भागात स्वतःच्या चेहऱ्यानिशी आला. हे कळल्यावर काही चाहते हिरमुसतात. मला त्यात फसवणूक दिसत नाही. तारांवर लोंबकळणारी, क्षणाक्षणाला कापलेली लढाई ही कुणा एकाची नसतेच. ती दिग्दर्शकाची, लढतीची बांधणी करणाऱ्याची, संकलकाची आणि चार शरीरांची मिळून असते. शिवाय हाँगकाँगमध्ये लढाईचे चित्रण सेकंदाला २४ ऐवजी २२ किंवा त्याहूनही कमी चौकटींवर करण्याची सर्रास पद्धत होती, त्यामुळे पडद्यावरचा वेग प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. म्हणूनच वेग पाहून कुणाचे कौशल्य जोखू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. पाऊल कुठे पडले आणि थांबताना तोल कसा राहिला, ते पाहावे.

जॅकी चॅनशी त्याची तुलना नेहमी होते, म्हणून दोन वाक्ये. जॅकी चॅन, सामो हुंग आणि लीच्या अनेक चित्रपटांतील लढती बसवणारे कोरी युएन हे तिघेही हाँगकाँगमधल्या एकाच पेकिंग ऑपेराच्या शाळेत वाढले. त्या शिक्षणात गाणे, अभिनय, कोलांट्या आणि पडणे हे सगळे एकत्र येते, त्यामुळे मार खाणे, धडपडणे, खुर्चीत अडकणे यांतून चॅन लढाईला गोष्ट करतो. लीला मार खाण्याचे शिक्षण नव्हते. एकट्याने सादरीकरण करणाऱ्या खेळाडूला समोरच्याच्या फटक्याला शरीराने उत्तर देणे नव्याने शिकावे लागते, आणि त्याच्या सुरुवातीच्या चित्रपटांत ही उणीव स्पष्ट दिसते: तो मारतो तेव्हा सुंदर दिसतो, मार खातो तेव्हा अवघडतो.

ही उणीव पूर्णपणे भरून निघालेली दिसते ती १९९४ च्या ‘फिस्ट ऑफ लेजंड’मध्ये. दिग्दर्शन गॉर्डन चॅन यांचे, लढती युएन वू-पिंग यांच्या. ब्रूस लीने १९७२ मध्ये गाजवलेल्या कथेची ही नवी आवृत्ती असली तरी हिच्यातला नायक जपानी माणसाचा सरसकट द्वेष करत नाही. मोकळ्या माळावर तो एका वयस्क जपानी गुरूशी हात अजमावतो, तो प्रसंग मी वर्गात आवर्जून दाखवतो. गुरूच्या भूमिकेत यासुआकी कुराता हे खरेखुरे कराटेपटू आहेत. दोघेही एकमेकांची पद्धत चाचपत जातात, एकाने वापरलेली युक्ती दुसरा लगेच उलटवतो, मधेच वाऱ्याने डोळ्यांत धूळ जाते तेव्हा सामना बरोबरीचा राहावा म्हणून दोघेही डोळ्यांवर पट्टी बांधून लढतात. इथे तारा जवळपास नाहीत. ली दूरच्या अंतरावरून लाथा मारतो, जवळ आल्यावर कोपरे आत घेतो, मार बसला की मान आणि खांदे त्या फटक्याबरोबर जाऊ देतो. हा चित्रपट पाहूनच दिग्दर्शक वाचोव्स्की यांनी आपल्या ‘मेट्रिक्स’ या हॉलिवूडपटासाठी युएन वू-पिंग यांना बोलावले, असे सांगितले जाते.

या यशाला एक काळी किनारही होती. १९९२ मध्ये त्याच्या व्यवस्थापकाचा हाँगकाँगमध्ये गोळ्या झाडून खून झाला. तिथल्या चित्रपटधंद्यावर गुन्हेगारी टोळ्यांचा किती पगडा होता, हे त्या घटनेने उघड केले.

हॉलिवूडबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १९९८ च्या ‘लीथल वेपन ४’मध्ये तो खलनायक झाला, मग काही चित्रपटांत नायक झाला, पैसा आणि नाव मिळाले. तिथल्या पटकथाकारांना त्याच्या शांतपणाचे काय करावे हे उमगले नाही; अपवाद २००५ च्या ‘अनलीश्ड’चा, जिथे कुत्र्यासारखा गळपट्टा घालून वाढवलेल्या माणसाची भूमिका त्याने जवळपास न बोलता केली. ‘मेट्रिक्स’च्या पुढच्या भागांचे काम त्याने नाकारले. त्याचे कारण त्याने २०१८ मध्ये सांगितले: त्याच्या हालचाली संगणकात टिपून ठेवल्या जाणार होत्या आणि त्यांचे हक्क निर्मात्यांकडे राहणार होते. आयुष्यभर कमावलेली विद्या दुसऱ्याच्या मालकीची होऊन बसेल, हे त्याला मान्य नव्हते. त्या वेळी हे हट्टीपणाचे वाटले असेल. आज नटांच्या संघटना नेमक्या याच मुद्द्यावर भांडत आहेत.

२००२ मध्ये झांग यिमोऊ यांच्या ‘हीरो’मध्ये तो डॉनी येनसमोर उभा राहिला. पावसाचे पाणी ठिबकणारे अंगण, एका बाजूला तलवार आणि दुसऱ्या बाजूला भाला. डॉनी येननेही तरुणपणी बीजिंग वुशू संघाबरोबर वू बिन यांच्या देखरेखीखाली प्रशिक्षण घेतले होते, त्यामुळे एकाच कारखान्यात घडलेली दोन शरीरे इथे समोरासमोर आली आहेत. भाल्याच्या दांड्याला येणारा लवलवता कंप आणि त्याच्या आत शिरण्यासाठी तलवारीने शोधलेली फट, हे दोन्ही पुन्हा पुन्हा पाहण्याजोगे आहे.

२००४ च्या डिसेंबरात तो कुटुंबासह मालदीवमध्ये असताना त्सुनामी आली. मुलींना उचलून बाहेर काढताना त्याच्या पायाला मार लागला, पण सगळे वाचले. त्यानंतर त्याचे लक्ष चित्रपटांवरून सरकत गेले. २००६ च्या ‘फिअरलेस’मध्ये त्याने हुओ युआनजिया यांची भूमिका केली. हे १९१० मध्ये वारलेले उस्ताद, आणि ‘फिस्ट ऑफ लेजंड’चा नायक कथेत त्यांचाच शिष्य आहे, म्हणजे आधी शिष्य आणि बारा वर्षांनी गुरू, असे दोन्ही त्याने केले. वुशूविषयी जे म्हणायचे होते ते यात म्हणून झाले, अशी त्याची भूमिका होती. २००७ मध्ये त्याने ‘वन फाउंडेशन’ ही मदतसंस्था सुरू केली. प्रत्येकाने महिन्याला एक युआन द्यावा, ही तिची मूळ कल्पना. पुढच्याच वर्षी सिचुआनमध्ये भूकंप झाला तेव्हा तिची खरी कसोटी लागली. २००७ च्याच ‘द वॉरलॉर्ड्स’मधील सेनापतीच्या भूमिकेसाठी त्याला हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवण्यात आले, आणि २०१० च्या ‘ओशन हेवन’मध्ये त्याने एकही ठोसा न मारता स्वमग्न मुलाच्या मरणासन्न वडिलांचे काम केले. माझ्या मते तो त्याचा सर्वांत चांगला अभिनय आहे आणि सर्वांत कमी पाहिला गेलेलाही.

थायरॉइडच्या अतिस्रावाचा विकार आपल्याला आहे, हे त्याने २०१३ मध्ये जाहीर केले. या विकारात हृदयाचे ठोके वाढतात, त्यामुळे जोरकस व्यायामावर बंधन येते. त्यात पाय आणि पाठीचा कणा यांच्या जुन्या दुखापती होत्याच. २०१८ मध्ये तिबेटमधील त्याचे एक छायाचित्र पसरले, त्यात तो वयापेक्षा कितीतरी थकलेला दिसत होता आणि लोक हादरले. प्रकृती धोक्यात नसल्याचे त्याच्या व्यवस्थापकाने सांगितले, आणि २०२० च्या ‘मुलान’मध्ये तो सम्राटाच्या वेशात दिसलाही.

आता मुलाबद्दल. त्याला जेट लीचे काय आवडले, हे आधी त्यालाच विचारावे. उड्या, तलवार, भाला, उभे राहण्याची ऐट हे उत्तर आले तर ताओलूच्या वर्गात घालावे; समोरच्याला हरवण्याची ओढ असेल तर पायाभूत तयारीची एक-दोन वर्षे ताओलूत काढून मग सांदाकडे वळवावे. आशियाई स्पर्धांत आपल्या देशाला वुशूची पदके प्रामुख्याने सांदातच मिळाली आहेत, त्यामुळे बहुतेक वर्गांचा कल तिकडे असतो. ताओलू शिकवणारा प्रशिक्षक जरा शोधावा लागेल. वर्गात गेल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. मुले उड्या कशावर मारतात? सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर मारत असतील तर दुसरा वर्ग पाहावा. दुसरे म्हणजे गोंगबूमध्ये मुलाचा पुढचा गुडघा आतल्या बाजूला कलतो तेव्हा प्रशिक्षक त्याला थांबवतो का. थांबवत नसेल, तर तिथल्या भिंतीवर कितीही पदके लटकत असली तरी मुलाला तिथे घालू नये.